साडूची बाटली

कवळीकाका शांत बसलेले पाहायचे असतील तर त्यांच्या कामाच्या खोलीत जावं लागे, आणि तिथेही त्यांचा कमरेच्या वरचाच भाग शांत असे. दोन हात मेणाच्या कमानीत एकेक दात बसवत असत, स्पिरिटच्या दिव्यावर छोटी सुरी तापवून हिरडीची कड गुळगुळीत करत असत, आणि टेबलाखाली उजवा पाय मात्र शिलाईचं मशीन चालवल्यासारखा हलत असे. काम संपलं की हा पाय त्यांना उठवून बाहेर काढी. मग ते गल्लीच्या टोकापर्यंत जात, काहीतरी विसरलं म्हणून परत येत, काय विसरलं ते न आठवून पुन्हा जात. त्यांची बायको म्हणायची, "यांना जेवायला वाढायचं म्हणजे आधी धरून आणायचं."

कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवत आणि प्लास्टरचा साचा ओतण्यापासून शेवटची चकाकी आणण्यापर्यंतचं सगळं काम काकांच्या हातचं. शहरातली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी हसत होती, आणि एखाद्याचं हसू रस्त्यात दिसलं की काका त्याच्या चेहऱ्याकडे न बघता थेट तोंडात बघत. त्यामुळे ओळखीची माणसंसुद्धा त्यांना जरा बिचकूनच भेटत.

या माणसाला नाद होता जुन्या स्कॉचचा. कोणी भुवया उंचावणार असेल तर खुशाल उंचावाव्यात. काका दारुडे नव्हते. त्यांच्यापेक्षा जास्त तर लोक खोकल्याचं औषध पितात. त्यांना हव्या असत त्या कित्येक दशकांपूर्वी भरलेल्या आणि तेव्हा कुठल्याही साध्या दुकानात मिळणाऱ्या ब्लेंडेड स्कॉचच्या बाटल्या. एकाच भट्टीचा उंची माल नव्हे, तर निरनिराळ्या भट्ट्यांची व्हिस्की एकात एक मिसळून, दर वर्षी तीच चव साधून भरलेला. "एकटा गवई कोणीही गाईल," काका म्हणत. "वीस जणांना एका सुरात गायला लावणारा माणूस मला दाखवा."

हा नाद लागला तो एका गिऱ्हाईकामुळे. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ पहिलीवहिली कवळी घालून घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी एक जुनी बाटली काखोटीला मारून आले. म्हणाले, "या दातांनी पहिला घोट तुमच्यासमोर घ्यायचा ठरवलाय. तुम्हीही घ्या." काकांनी भीतभीत घेतला. आधी धूर आला, मग मनुका, मग कधीतरी लहानपणी कोणाच्या तरी कपाटात डोकं घातलं होतं तेव्हाचा वास. काकांचा पाय टेबलाखाली थांबला होता, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. समोरचे गृहस्थ मात्र घोट तोंडात घोळवून म्हणाले, "अर्धीच येतेय हो चव. तुमच्या या प्लॅस्टिकने टाळू झाकलाय ना."

"होईल सवय," काका म्हणाले. सगळ्याच गिऱ्हाइकांना ते हेच सांगत.

तेव्हापासून काका बाटल्यांच्या मागे लागले. जुने बंगले रिकामे होताना, क्लब बंद पडताना, कोणाचे आजोबा गेल्यावर कपाटं उपसताना काका कुठून तरी तिथे पोचलेले असत. बाटली उजेडात धरून माल मानेपर्यंत आहे की खांद्यापर्यंत उतरलाय ते बघायचं, टोपणाला गंज आहे का ते बघायचं, बाटली आडवी ठेवलेली होती असं कळलं की कपाळाला हात लावायचा. वाइनवाले बाटल्या आडव्या ठेवतात. स्कॉच आडवी ठेवली तर ती बूच खाऊन टाकते. हे काकांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांच्या बायकोलाही ते पाठ होतं, आणि तिने आयुष्यात अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त स्कॉच प्यायलेली नव्हती.

या नादात त्यांना जोडीदार मिळाला तोही घरातूनच. त्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं रंगाचं दुकान होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं दोघा साडूंमध्ये जेवढ्यास तेवढं होतं. मग एका रविवारी दुपारी काकांनी त्याला एक घोट दिला आणि साडू विरघळला. त्यानंतर दर रविवारी दुपारी जेवणं झाली की हे दोघं एकत्र. ग्लासात बोटभर ओतायची, वर बशी झाकायची, जुनी बाटली असेल तर तिला श्वास घेऊ द्यायचा. मग काका हुंगणार, ड्रॉपरने दोन थेंब पाणी घालणार, तोंडात घेणार आणि बोलणार. साडू त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. काका "मध" म्हणाले की त्याला मध लागे, "जुनी चामड्याची पेटी" म्हणाले की तो मान डोलवी.

"तुझ्या नाकात जन्मभर थिनर भरलंय," काका त्याला चिडवत. "तुला मी सांगतो तेच कळणार."

"म्हणून तर तुमच्याशी सोयरीक केली, साडूबुवा," तो म्हणे.

दोघांनी मिळून घेतलेली एक बाटली होती. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या बारमधली, दोघांच्याही जन्माच्या आधी भरलेली. ती साडूच्या लोखंडी कपाटात उभी असे, कारण काकांकडे ठेवली असती तर त्यांनी ती दिवसातून दहा वेळा काढून उजेडात धरली असती. उघडायची कधी ते ठरलं नव्हतं. उघडताना दोघं समोरासमोर हवेत, एवढंच ठरलं होतं.

आणि मग सासऱ्यांच्या वाढदिवसाला काशी झाली.

त्या दिवशी साडूने आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता, स्वतःच्या मनाने एक जुनी बाटली पैदा केली होती. काकांनाही पत्ता लागू दिला नव्हता. सगळं घर जमलेलं, सासरे मधल्या खुर्चीत. साडूने आधी आपल्या रोजच्या साध्या बाटलीतली थोडी थोडी सगळ्यांना दिली, तोंड तयार व्हावं म्हणून. मग नव्या शर्टाच्या बाह्या सावरत ती बाटली आणली. पोरगं पहिला नंबर घेऊन घरी येतं तेव्हा जसं दिसतं तसा त्याचा चेहरा होता. त्याने ओतली आणि काकांकडे बघितलं.

काकांनी हुंगली. घोट घेतला. जिभेवर शेवटी कडू, तांब्याच्या तारेसारखी चव राहिली. दुसरा कोणी असता तर त्याने "छान" म्हणून विषय संपवला असता आणि नंतर बाजूला घेऊन सांगितलं असतं. पण काकांच्या जिभेला हाड नव्हतं, आणि बरोबर असण्याचं त्यांना जे सुख होतं ते दुसऱ्या कशातच नव्हतं.

"बाटली जुनी आहे," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पण आतला माल नंतर भरलेला. कालपरवाची स्वस्तातली दारू. कोणीतरी तुला टोपी घातली रे."

कोणीतरी हसलं. सासऱ्यांनी हातातला ग्लास तसाच टेबलावर ठेवला. साडूने सगळ्यांचे ग्लास गोळा केले, बाटली उचलली आणि मोरीत उलटी धरली. बाटली रिकामी होताना गटगट आवाज करत होती. त्या दिवसापासून दोघा साडूंमध्ये अबोला.

बहिणी बहिणी बोलत होत्या. जेवणाखाणाला एकमेकींकडे जात होत्या. नवऱ्यांना मात्र आळीपाळीने न्यायच्या. काका म्हणत, "मी खोटं बोललो का? बरोबर होतं ते बोललो." बायको म्हणे, "त्या बरोबरचं लोणचं घाला आणि एकटेच चाटत बसा." काका रविवारी दुपारी एकटे बसून बघत, पण एकट्याने बसणं त्यांना जमत नसे. अर्धा ग्लास ठेवून ते उठत आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग काकांचे वरचे दात हलायला लागले.

ज्या डॉक्टरीणबाईंसाठी ते कवळ्या बनवत, त्यांच्याच खुर्चीत काकांना तोंड उघडून बसावं लागलं. बाईंनी हिरडी दाबली, आरसा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. शेवटी म्हणाल्या, "काका, वरचं काही राहणार नाही. सगळे काढावे लागतील. इतके दिवस आला का नाहीत?"

"कामातून वेळ कुठे मिळतो?" काका म्हणाले. लोकांच्या तोंडात बघण्यातून त्यांना स्वतःच्या तोंडाकडे बघायला सवड झाली नव्हती, हे खरंच होतं.

"आणि तोंडाला चव कशी येते? कडू, लोखंडासारखी?" बाईंनी विचारलं. "हिरड्यांतून इतकं रक्त येतंय म्हटल्यावर येतच असणार. वर्ष-दोन वर्षं तरी झाली असतील. माणसाला सवय होते, मग जेवणच खराब आहे असं वाटतं."

काका खुर्चीतून उठले ते रुमाल गळ्यात तसाच ठेवून. बाईंनी हाक मारून तो काढून घेतला.

रस्त्याने येताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. कडू, तांब्याच्या तारेसारखी. वर्ष-दोन वर्षं. म्हणजे सासऱ्यांच्या वाढदिवसाला ती चव साडूच्या बाटलीत नव्हती, आपल्याच तोंडात होती. चांगल्या, अस्सल बाटलीला आपण भर सभेत खोटं ठरवलं आणि त्या बिचाऱ्याने ती मोरीत ओतली. ते आपल्या गल्लीवरून पुढे गेले, परत फिरले, पुन्हा चुकले.

पुढचे दिवस त्यांना घर खायला उठलं. दात काढायची तारीख ठरली होती आणि कवळी तर करायलाच हवी होती. दुसऱ्या कोणाच्या हातची कवळी घालणं त्यांना मान्य नव्हतं, म्हणून काका स्वतःच्याच तोंडाच्या साच्यावर मेण चढवायला बसले. हजारो टाळू त्यांनी झाकले होते. आता स्वतःच्या टाळूवर गुलाबी मेणाची पट्टी दाबताना त्यांचा हात थांबला. बोटवाले गृहस्थ काय म्हणाले होते ते आठवलं. होईल सवय, आपण म्हणालो होतो. कसली सवय? अर्ध्या चवीची? त्यांनी मेण सोलून काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा काढल्यावर सुरी टेबलावर टाकली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"इथेच."

"इथेच इथेच करत चार दिवस फेऱ्या मारताय. जायचंय तिथे एकदा जा की." तिला सगळं कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला फोन करून सांगितलं होतं, आणि बाकीचं तिने नवऱ्याच्या तोंडावरून वाचलं होतं. "तिकडे तोही काही सुखात नाही. माझी बहीण सांगते ना."

"काय सांगते?"

"जा आणि बघा."

काका गेले. रंगाच्या दुकानात पूर्वी एक मोठं लाकडी टेबल असे. गिऱ्हाईक भिंतीचा सुटलेला पोपडा घेऊन येई आणि साडू नुसत्या नजरेने चार डब्यांतले रंग काढून, काठीने ढवळून, बोटाने पोपड्यावर ठिपका लावून रंग जुळवत असे. ओला ठिपका वाळला की शोधून सापडायचा नाही. या कामात साडूला तोड नव्हती आणि ते काकाही मान्य करत. आता टेबल भिंतीला लावलं होतं आणि मधोमध रंग जुळवणारं एक पांढरं मशीन उभं होतं. साडू पोपडा मशीनखाली धरत होता आणि बटण दाबून बाजूला उभा राहत होता.

"हे कधी घेतलंस?" काकांनी विचारलं. दीड-दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे होतं.

साडूने वर पाहिलं. "झाले बरेच दिवस." मग म्हणाला, "मशीन चुकत नाही. माणसाच्या नजरेचा काय भरवसा? माझ्या तर नाहीच."

काकांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी आपण नुसती बाटली खोटी ठरवली नव्हती. हा माणूस तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नव्हता. काकांना बसवेना, उभं राहवेना. त्यांनी काउंटरवरचं रंगाचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ऐक," ते म्हणाले. "माझे वरचे सगळे दात चाललेत. हिरड्या सडल्यात. डॉक्टरीण म्हणाली, दोन वर्षं माझ्या तोंडाला लोखंडाची चव येतेय. कळलं का? त्या दिवशी मला जे लागलं ते माझंच होतं. तुझी बाटली खरी होती."

साडूने हातातला पोपडा काउंटरवर ठेवला.

"खरी होती रे. मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो. पाहिजे तर बाबांसमोर जाऊन सांगतो." हे वाक्य काकांनी उभ्या जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडताना ते दातांइतकंच दुखलं.

"म्हणजे मी ओळखली होती," साडू हळूच म्हणाला. "माझ्या मनाने घेतली होती आणि बरोबर घेतली होती."

"बरोबर घेतली होतीस."

साडूने पाठ फिरवली. डबे इकडचे तिकडे केले. डोळे पुसले की घाम पुसला ते काकांनी बघितलं नाही. तेवढ्यात एक बाई खिडकीच्या फळीचा तुकडा घेऊन आली. तिला तसलाच हिरवा हवा होता. साडूने तुकडा हातात घेऊन दाराच्या उजेडात नेला, फिरवून बघितला, आणि मशीनकडे न जाता भिंतीकडचं टेबल ओढलं. हिरवा काढला, त्यात चिमूटभर काळा, मग पिवळा, मग पुन्हा थोडा काळा. बोटाने ठिपका लावला आणि काकांना म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका."

ठिपका वाळला. बाई म्हणाली, "कुठे लावलात?"

त्या रविवारी दुपारी दोन्ही कुटुंबं साडूच्या घरी जमली. दोघांची ती बाटली उघडायची ठरलं होतं. दात बुधवारी निघणार होते आणि काकांची एकच इच्छा होती: टाळू उघडा आहे तोवर, साडूच्या समोर बसून, ती एकदा चाखायची. तोंडाने दगा दिला होता हे खरं. पण पंधरा दिवस औषध चालू होतं, गुळण्या चालू होत्या, आणि वास तरी येईल, निम्मी तरी कळेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. साडूच्या घराचा जिना ते दोनदा चढले, कारण पहिल्यांदा ड्रॉपर खालीच राहिला.

साडूने कपाट उघडलं. टोपण फिरवलं. पत्र्याचं टोपण, आत बुचाचा पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्याचा थोडा भुगा झाला होता. साडूने तो फडक्याने टिपून काढला, दोन ग्लासांत ओतली, बश्या झाकल्या. काकांचा पाय टेबलाखाली असा चालला होता की ग्लासातला माल थरथरत होता.

"बस्स," साडू म्हणाला. "घ्या."

काकांनी बशी उचलली, हुंगली आणि घोट घेतला. लोखंड. गंजका पत्रा, ओला पुठ्ठा, आणि शेवटी तीच कडू तार. म्हणजे संपलं. औषध, गुळण्या, सगळं फुकट. ज्या बाटलीची इतकी वर्षं वाट पाहिली ती समोर आहे आणि आपल्याला आपल्याच सडक्या तोंडाची चव येते आहे. त्यांना रडू येईल असं वाटलं. पण साडू त्यांच्या तोंडाकडे बघत होता, पूर्वीसारखाच. या माणसाचा आनंद आपण एकदा नासवला होता.

"वा!" काका म्हणाले. "वा! मध आहे. जरा धूर. मागे मनुका."

साडूने घोट घेतला. थोडा वेळ तोंडात घोळवला. "हो," तो म्हणाला. "मध आहे. धूरही आहे."

"आणि मनुका?"

"मनुकाही."

दोघं मान डोलवत बसले. साडूची बायको कपबश्या आवरायला आली होती. तिने नवऱ्याचा ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे काय पिताय? गंजक्या डब्यात पाणी ठेवल्यासारखा वास येतोय. भाऊजी, तुम्हाला येत नाही वास?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग साडूकडे बघितलं. साडूची नजर टेबलावर होती.

"तुला कशी लागली?" काकांनी विचारलं. "खरं सांग."

"तुम्ही वा म्हणालात म्हणून," साडू चाचरत म्हणाला. "मला पण तसंच लागलं. पत्र्यासारखं. मला वाटलं माझंच चुकतंय."

"अरे गाढवा, मला वाटलं माझंच चुकतंय!"

आधी बायका हसल्या, मग साडू हसला, मग काका. बाटली बुडाली होती. टोपणाचा गंज आणि बुचाचा भुगा वर्षानुवर्षं आत उतरत होता आणि ती कपाटात उभीच्या उभी नासली होती. इतक्या वर्षांची वाट, आणि मोरीत ओतायच्या लायकीचा माल. पण काकांना दुःख होण्याऐवजी अंगात वारं भरल्यासारखं झालं. ते उठले. "तुझी रोजची आण. साधी. आण लवकर."

साडूने रोजची बाटली आणली. काकांनी ग्लास विसळला, ओतली, हुंगली, घोट घेतला. स्वच्छ. भाजलेलं धान्य, थोडी साखर, कडेला धूर. कुठेही तार नाही, लोखंड नाही. पुन्हा घेतली. पुन्हा स्वच्छ. दात सडले असतील, जीभ शाबूत होती. डॉक्टरीण काहीही म्हणो, आपल्या तोंडाने आपल्याला कधी फसवलं नव्हतं. काका खिडकीपर्यंत गेले आणि परत आले, पुन्हा गेले. आनंद त्यांच्या पायांत मावत नव्हता.

आणि खिडकीपाशीच त्यांना दुसरी गोष्ट कळली. सासऱ्यांच्या वाढदिवसालाही आधी साडूची रोजचीच प्यायलो होतो. याच तोंडाने. तेव्हाही ती अशीच स्वच्छ लागली होती. तार लागली ती त्यानंतर, दुसऱ्या बाटलीत. डॉक्टरणीच्या एका वाक्याने आपण एवढे घाबरलो की हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे आपण बरोबर होतो. माल नंतर भरलेलाच होता. साडूला टोपीच घातली होती.

ते वळले. साडू त्यांच्याकडेच बघत होता. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं, पण त्याच्याही डोक्यात काहीतरी चाललं होतं.

"साडूबुवा," तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या तोंडाला काही झालेलं नाही."

"दात चाललेत. एवढं पुरे नाही का?"

"तसं नाही. चव कळतेय तुम्हाला, नीट कळतेय." हातातलं फडकं साडूने टेबलावर ठेवलं आणि नीट चौकोनी घडी घातली. "मग माझी ती बाटली?"

काकांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अख्ख्या जन्मात त्यांनी कधी इतकं बरोबर उत्तर असूनही ते मागे ठेवलं नव्हतं. दुकानातलं ते टेबल त्यांना दिसलं, हिरवा रंग दिसला, "मी ओळखली होती" म्हणतानाचा तो आवाज ऐकू आला. हा माणूस आत्ता कुठे डोळे उघडून बघायला लागलाय. काकांनी जीभ दातांखाली धरली. त्यांना फार राग आला, कशाचा ते सांगता येत नव्हतं. बहुधा बरोबर असण्याचाच.

"तुझी बाटली खरी होती," ते म्हणाले. "आत्ता पंधरा दिवस औषध चाललंय म्हणून तोंड ताळ्यावर आहे. त्या दिवशी नव्हतं."

"नक्की?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय? उलट खरं सांगूनच घोळ घालतो."

साडू बायकोकडे वळला. "बघ! मी म्हणत होतो की नाही? खरी होती!"

"हो, खरी होती," काका म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. मग त्यांनी साध्या बाटलीतली आणखी एक बोटभर ओतली, साडूपुढे सरकवली आणि म्हणाले, "आता तू आधी बोल. मी नंतर."

साडूने बराच वेळ हुंगली आणि अडखळत बोलायला लागला. जवळजवळ सगळं चुकीचं सांगत होता. काका मूग गिळून ऐकत राहिले.

ऊन उतरल्यावर काका-काकू घरी निघाले. काका नेहमीसारखे चार पावलं पुढे, काकू मागे. चौकात तिने त्यांची बाही धरली.

"अहो, एक विचारू? ती त्याची बाटली खरंच खरी होती का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईपासून त्यांनी काही लपवलं नव्हतं, लपवता आलंच नव्हतं. सांगावं असं त्यांना फार, फार वाटलं. पण हिला सांगायचं म्हणजे हिच्या बहिणीला सांगायचं, आणि बहिणीला म्हणजे साडूला. या जगात हे सांगायला आता एकही माणूस उरला नव्हता.

"खरी होती," काका म्हणाले आणि बाही सोडवून घेऊन भराभर चालायला लागले.